औत्सुक्य आणि आस्था : 'अपोलो १३' या चित्रपटाच्या निमित्ताने

अमेरिकन अंतराळवीर जेम्स लव्हेल ७ ऑगस्ट २०२५ रोजी वयाच्या ९७व्या वर्षी निवर्तले. आयुष्यात चार वेळा त्यांनी अंतराळप्रवास केला. १९६५ साली 'जेमिनी ७' या अत्यंत चिंचोळ्या यानात फ्रँक बोरमन यांच्यासह त्यांनी जवळजवळ चौदा दिवस काढले. माणूस इतके दिवस अंतराळात तग धरू शकतो, हे त्या प्रवासाने सिद्ध केले आणि चंद्राचा मार्ग मोकळा झाला. १९६६ साली ते 'जेमिनी १२'मधून गेले. १९६८च्या नाताळात 'अपोलो ८'मधून चंद्राला प्रदक्षिणा घालणाऱ्या पहिल्या तीन माणसांत ते होते. मात्र जग त्यांना ओळखते ते या तीन यशस्वी प्रवासांमुळे नाही. जग त्यांना ओळखते ते चौथ्या, उद्दिष्ट न गाठलेल्या प्रवासामुळे. आणि तेही टॉम हँक्स या नटाच्या चेहऱ्याने.

यशस्वी प्रवास विस्मृतीत जावेत आणि फसलेला प्रवास अजरामर व्हावा, यात काही विसंगती आहे काय? रॉन हॉवर्ड यांनी दिग्दर्शित केलेला 'अपोलो १३' हा १९९५ सालचा चित्रपट पुन्हा पाहताना हा प्रश्न आमच्या मनात वारंवार उभा राहिला. चित्रपटाला तीस वर्षे उलटली, तरी त्याची पकड सैल झालेली नाही. परंतु आज आम्हांला त्यात अंतराळवीरांच्या सुटकेपेक्षा दुसरीच एक कथा अधिक ठळकपणे दिसते. ती प्रेक्षकांची, म्हणजे तुमची-आमची कथा आहे. लोकांचे लक्ष कशावर जाते, किती काळ टिकते आणि कशाने परत येते, याची ती कथा होय.

प्रथम त्या काळाची पार्श्वभूमी ध्यानात घेतली पाहिजे. १९६८ साली स्टॅन्ली कुब्रिक यांचा '२००१ : अ स्पेस ओडिसी' हा चित्रपट पडद्यावर आला. त्यात 'पॅन ॲम' या विमान कंपनीचे यान प्रवाशांना घेऊन अंतराळात जाताना दाखविले होते. लोकांना ते इतके खरे वाटले, की त्या सुमारास त्याच कंपनीने भावी चांद्रप्रवासासाठी नावे नोंदविण्यास आरंभ केला, तेव्हा नव्वद हजारांहून अधिक लोकांनी नावे दिली. त्याच वर्षीच्या नाताळच्या पूर्वसंध्येला 'अपोलो ८'मधील तिघांनी चंद्राभोवती फिरत असताना बायबलमधील उत्पत्तीच्या पुस्तकाचा आरंभ वाचून दाखविला आणि घरोघरी माणसे दूरचित्रवाणीसमोर स्तब्ध झाली. पुढे जुलै १९६९मध्ये नील आर्मस्ट्राँग यांचे पाऊल चंद्रावर पडले, ते जगभरातील सुमारे साठ कोटी लोकांनी पाहिले असा अंदाज केला जातो. चित्रपटातील स्वप्न आणि प्रत्यक्षातील यान ही जणू हातात हात घालून चालली होती.

आणि नऊ महिन्यांत हे सारे ओसरले. १९७०च्या एप्रिलमध्ये लव्हेल, फ्रेड हेझ आणि जॅक स्विगर्ट 'अपोलो १३'मधून निघाले, तोपर्यंत दोन याने चंद्रावर उतरून सुखरूप परत आलेली होती. तिसऱ्याचे कोणाला अप्रूप उरले नव्हते. त्याआधीच, जानेवारी १९७०मध्ये, 'अपोलो २०' ही पुढची मोहीम रद्द झाली होती. अमेरिकेतील त्या दशकाच्या लोकमत-चाचण्यांचा अभ्यास करणारे इतिहासकार रॉजर लॉनियस यांनी दाखवून दिले आहे की, चांद्रमोहिमेवरील खर्च योग्य आहे असे मानणारे लोक त्या दशकात बहुतेक काळ बहुसंख्य नव्हतेच. प्रत्यक्ष चांद्रविजयाच्या सुमारास तेवढे ते निम्म्याच्या किंचित वर गेले. ज्याला आपण साऱ्या राष्ट्राचा उत्साह समजत होतो, तो एका उत्सवाचा उत्साह होता.

'अपोलो १३' या चित्रपटाचे पहिले सामर्थ्य हे, की हे कटू सत्य तो लपवीत नाही. यानातून तिघे अंतराळवीर मोठ्या हौसेने पृथ्वीवरील लोकांसाठी कार्यक्रम सादर करीत आहेत. वजनरहित अवस्थेत वस्तू कशा तरंगतात, आपण कसे राहतो, हे दाखवीत आहेत. लव्हेल यांची पत्नी मॅरिलिन नियंत्रणकक्षात बसून तो पाहते. तेथे तिला कळते की, तिन्ही मोठ्या दूरचित्रवाणी संस्थांपैकी एकीनेही तो प्रक्षेपित केलेला नाही, आणि हे यानातील माणसांना कोणी सांगितलेलेही नाही. प्रत्यक्षातही तसेच घडले होते. १३ एप्रिल १९७०च्या रात्री तो न दाखविला गेलेला कार्यक्रम संपल्यावर दहा मिनिटांच्या आत, पृथ्वीपासून सुमारे सव्वातीन लक्ष किलोमीटर अंतरावर, यानातील प्राणवायूच्या एका टाकीचा स्फोट झाला. आणि मग साऱ्या जगाला 'अपोलो १३' दिसू लागले.

याच धाग्यावरचा दुसरा प्रसंग आम्हांला या चित्रपटातील सर्वांत मोलाचा वाटतो. दूरचित्रवाणीवाल्यांना आता लव्हेल यांच्या घराच्या अंगणात प्रक्षेपणाचा मनोरा उभारावयाचा आहे. तशी परवानगी मागण्यासाठी नासाचा अधिकारी येतो, तेव्हा मॅरिलिन त्याला ठाम नकार देते. चंद्रावर उतरणे ज्यांना पुरेसे रोमहर्षक वाटले नाही, त्यांना आता न उतरणे रोमहर्षक वाटते काय, असा तिच्या बोलण्याचा आशय आहे. काही तक्रार असेल तर त्यांनी माझ्या नवऱ्याशी बोलावे, तो शुक्रवारी घरी येणार आहे, असेही ती सांगते. कॅथलीन क्विनलन या अभिनेत्रीने हा प्रसंग आवाज न चढविता साकारला आहे. तिच्या शब्दांचा रोख दूरचित्रवाणीवाल्यांवर असला, तरी तो चित्रपटगृहातील खुर्चीपर्यंत पोहोचतो. कारण याच अपघातासाठी तिकीट काढून आपणही तेथे बसलेलो असतो.

चित्रपटाचे दुसरे सामर्थ्य म्हणजे त्यातील कामाचे चित्रण. यानातील हवेत कर्बवायू साठू लागतो. मुख्य यानातील शुद्धीकरणाचे डबे चौकोनी आणि चांद्रयानातील त्यांची जागा मात्र गोल. तेव्हा अभियंत्यांचा एक गट मेजावर यानात उपलब्ध असलेल्या वस्तूंचा ढीग ओततो. त्यात नळ्या, प्लास्टिकच्या पिशव्या, पुस्तिकेचे जाड पुठ्ठे, चिकटपट्टी असे सारे असते. आणि एवढ्यातूनच चौकोन गोलात बसवावयाचा असतो. या प्रसंगात ना शत्रू आहे, ना शस्त्र. कोट सैल केलेली, डोळे तांबारलेली काही माणसे एका मेजाभोवती उभी आहेत. तरी प्रेक्षक श्वास रोखून पाहतो. घरातील एखाद्या उपकरणाला जेमतेम पुरेल एवढ्या विजेत यान पुन्हा कसे चालू करावयाचे, याची आकडेमोडही अशीच चित्तवेधक झाली आहे. वजनरहित अवस्थेची दृश्ये खोटी वाटू नयेत म्हणून उंचावरून झेपावणाऱ्या खास विमानात, दर खेपेस अर्ध्या मिनिटाहूनही कमी वेळ मिळणाऱ्या त्या अवस्थेत, ती तुकड्यातुकड्यांनी चित्रित केली गेली. संकलन आणि ध्वनी या दोन विभागांची ऑस्कर पारितोषिके चित्रपटाला मिळाली, ती यथायोग्यच होती.

परंतु समीक्षकाने स्तुतीवर थांबू नये. चित्रपटाने वास्तवात कोठे कोठे बदल केला, हे पाहिले म्हणजे प्रेक्षकाविषयीचा त्याचा अंदाज कळतो. स्फोटानंतर ह्यूस्टनला धाडलेला सुप्रसिद्ध संदेश प्रत्यक्षात भूतकाळात होता. अडचण येऊन गेली आहे, अशी ती शांत नोंद होती. चित्रपटाने तो वर्तमानकाळात आणला आणि आता सारे जग तो तसाच उच्चारते. यानात हेझ आणि स्विगर्ट यांची जोरदार खडाजंगी दाखविली आहे, ती काल्पनिक आहे. यान पुन्हा चालू करण्याची रीत शोधण्यामागे अनेक अभियंते होते. चित्रपटात ते श्रेय बहुतांशी केन मॅटिंग्ली या एकट्याच्या पदरी पडते. आणि अपयश हा पर्यायच नाही, अशा अर्थाचे जे वाक्य नियंत्रणकक्षाचे प्रमुख जीन क्रँझ यांच्या तोंडी घातले आहे, तेही पटकथेतच जन्मास आले. पुढे क्रँझ यांनी २००० साली आपल्या आत्मकथनाला तेच नाव दिले!

या बदलांना आम्ही खोटेपणा म्हणणार नाही. कलेला तेवढी मुभा असते. तथापि ते बदल कोणत्या दिशेने झाले, हे पाहण्याजोगे आहे. शांत माणसे भांडखोर झाली. अनेकांचे काम एकाचे झाले. नोंदीची जागा आरोळीने घेतली. खरे पाहता त्या तिघांना तारले ते या उलट गुणांनी : न भांडण्याने, वाटून घेतलेल्या श्रमाने, आवाज न चढविण्याने. प्रेक्षकांच्या उथळ औत्सुक्यावर बोट ठेवणारा हा चित्रपट त्याच औत्सुक्याला असा हळूच नैवेद्यही दाखवितो. त्याची ही मर्यादा त्याच्या गुणांइतकीच बोलकी आहे.

येथे दोन आक्षेप घेतले जातील आणि दोन्ही विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला असा की, संकटातील माणसाकडे लक्ष वेधले जाणे हा दोष कसा? त्या एप्रिलमध्ये पोप पॉल सहावे यांनी सुमारे दहा हजार भाविकांसह अंतराळवीरांच्या सुखरूपतेसाठी प्रार्थना केली, आणि आपल्या देशात एका धार्मिक मेळ्यात त्याच्या दहापट लोकांनी त्यांच्यासाठी प्रार्थना केल्याचे वृत्त त्या वेळी प्रसिद्ध झाले. ज्यांनी चंद्राच्या यानाविषयी क्वचितच काही ऐकले असेल, अशा माणसांनी तीन परक्यांसाठी हात जोडले. ही करुणा होती आणि तिला आम्ही उथळ म्हणणार नाही. मात्र करुणा शुक्रवारी माणसे घरी पोहोचताच घरोघरी परतली, आणि काम होते तेथेच राहिले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात आणखी दोन चांद्रमोहिमा रद्द झाल्या. डिसेंबर १९७२मध्ये 'अपोलो १७' परतले. त्यानंतर अर्धशतकभर एकही माणूस चंद्रापर्यंत गेला नाही.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. ज्यांच्या पोटात अन्न नाही, त्यांनी आकाशाकडे का पाहावे? १५ जुलै १९६९ रोजी, 'अपोलो ११'च्या उड्डाणाच्या आदल्या दिवशी, रेव्हरंड राल्फ ॲबरनथी गरीब कुटुंबांना आणि खेचरे जुंपलेल्या गाड्यांना घेऊन उड्डाणतळाच्या दारी गेले. नासाचे प्रमुख थॉमस पेन यांनी बाहेर येऊन त्यांची भेट घेतली आणि त्यांच्यातील काही कुटुंबांना दुसऱ्या दिवशी उड्डाण पाहण्यास बोलाविले. 'अपोलो १३' या चित्रपटात या प्रश्नाची सावलीही पडत नाही. तेथे अनास्था म्हणजे केवळ चंचलपणा, असा समज होतो. हे चित्रण अपुरे आहे. मात्र ॲबरनथी यांना अनास्थ म्हणता येणार नाही. ते तेथपर्यंत चालत गेले. हे कोणासाठी, कोणाच्या पैशाने, असे त्यांनी विचारले. ज्याला विषयाशी काही कर्तव्य असते, तोच असा प्रश्न विचारतो. वाहिनी बदलणारा प्रेक्षक कोणताही प्रश्न विचारीत नाही. औत्सुक्य आणि आस्था यांतील भेद येथे स्पष्ट होतो. औत्सुक्य प्रसंगाकडे धावते आणि प्रसंगाबरोबर संपते. आस्था कामाशी बांधलेली असते. ती प्रसंगी विरोधही करते, पण पाठ फिरवीत नाही.

मग लोकांना अवकाशाचा कंटाळा आला होता काय? तसेही दिसत नाही. 'स्टार ट्रेक' ही मालिका प्रेक्षक अपुरे म्हणून जून १९६९मध्ये बंद झाली. त्यानंतर सातच आठवड्यांत माणूस चंद्रावर उतरला. पुढे चांद्रमोहिमा मंदावल्या, तशी त्याच मालिकेची पुनःप्रक्षेपणे मात्र लोकप्रिय होत गेली. तिच्या चाहत्यांनी पत्रांचा असा वर्षाव केला, की १९७६ साली पहिल्या स्पेस शटलला मालिकेतील यानाचे 'एंटरप्राइझ' हे नाव देण्यात आले. हे शटल केवळ वातावरणातील चाचण्यांसाठी बांधलेले होते. ते अंतराळात कधीच गेले नाही. १९७७ साली 'स्टार वॉर्स' आला आणि त्याने तर गर्दीचे सारे उच्चांक मोडले. लोकांचे अवकाशप्रेम आटले नव्हते. ते प्रत्यक्ष यानांवरून कल्पित यानांवर गेले होते. कल्पित यानाला खर्चाचा हिशेब द्यावा लागत नाही, त्याला चौदा दिवस तेच ते करीत राहावे लागत नाही, आणि त्यातला प्रत्येक दिवस निर्णायक असतो. परीकथांवर आमचा राग नाही. फक्त परीकथेची सवय लागलेल्या डोळ्यांना खरे काम फिके दिसू लागते, एवढेच आम्हांला सांगावयाचे आहे.

या फिकेपणाच्या काळातच जानेवारी १९८६ची 'चॅलेंजर' दुर्घटना घडली. तोपर्यंत उड्डाणे इतकी नित्याची झाली होती, की अमेरिकेतील मोठ्या संस्थांनी ते उड्डाण थेट दाखविले नाही. 'सीएनएन'ने तेवढे दाखविले. शाळाशाळांतील मुले मात्र ते पाहत होती, कारण क्रिस्टा मॅकऑलिफ या शिक्षिका यानात होत्या. अवकाश सामान्य माणसाच्या जवळ यावे, हा त्यांच्या निवडीमागचा हेतू होता. ७३ सेकंदांत सात जीव गेले. आदल्या रात्री अभियंत्यांनी कडाक्याच्या थंडीत सांध्यांची रबरी कडी दगा देतील असा इशारा दिला होता, हे नंतरच्या चौकशीत उघड झाले. त्या थकलेल्या अभियंत्यांचा आवाज कोणत्याही पडद्यावर नव्हता. नित्याच्या कामावर कोणाची नजर नसते, तेव्हा काय होऊ शकते, याचे याहून दुःखद उदाहरण आम्हांला आठवत नाही.

आपल्याकडचे चित्र फारसे निराळे नाही. अमेरिकेच्या 'स्कायलॅब' या अंतराळ प्रयोगशाळेत १९७३-७४ साली तीन तुकड्यांनी मिळून १७१ दिवस राहून सूर्याचा अभ्यास केला. त्याची आपल्याकडे फारशी वार्ता नव्हती. तीच प्रयोगशाळा जुलै १९७९मध्ये कोसळणार असे कळताच भारतभर खेडोपाडी तिचे नाव झाले. पुढे आपले स्वतःचे 'मंगळयान' २०१४च्या सप्टेंबरात मंगळाच्या कक्षेत पोहोचले आणि देश आनंदला. त्यावर २०१९ साली 'मिशन मंगल' हा हिंदी चित्रपट निघाला. 'अपोलो १३'चे संस्कार त्यावर स्पष्ट दिसतात. विद्या बालन यांची तारा शिंदे ही शास्त्रज्ञ, आच बंद केल्यावरही तापल्या तेलात पुरी कशी तळली जाते, यावरून इंधन वाचविण्याची युक्ती समजावते. मेजावरच्या त्या चौकोनी डब्याची ही आपल्या स्वयंपाकघरातील बहीण म्हणावी! विज्ञान घरात आणण्याचा हा प्रयत्न आम्हांला मनापासून आवडला. परंतु चित्रपट यान कक्षेत शिरताच संपतो. खऱ्या 'मंगळयाना'चे काम तेथून सुरू झाले. सहा महिन्यांसाठी योजलेले ते यान सुमारे आठ वर्षे टिकले आणि २०२२मध्ये त्याच्याशी असलेला संपर्क तुटला. ज्या देशाने त्याच्या आगमनाचे पेढे वाटले, त्या देशात त्याच्या निरोपाची दखल किती घरांनी घेतली?

२३ ऑगस्ट २०२३ रोजी 'चांद्रयान-३' उतरताना यूट्यूबवर एकाच वेळी ऐंशी लाखांहून अधिक ठिकाणी ते दृश्य पाहिले जात होते. चार वर्षांपूर्वीच्या अपयशाची धाकधूक त्या औत्सुक्यात मिसळलेली होती, हे नाकारता येणार नाही. त्यानंतरच्या सुमारे दोन आठवड्यांत यानाने चंद्रभूमीचे तापमान मोजले, मातीत गंधक असल्याचे दाखवून दिले. हेच त्या साऱ्या खटाटोपाचे फळ होते आणि ते पाहण्यास गर्दी नव्हती.

गर्दीचा हा स्वभाव कोणत्याही धर्मग्रामाला अपरिचित नाही. गुड फ्रायडेला आणि नाताळच्या मध्यरात्री मंदिरात उभे राहण्यास जागा नसते. सामान्य काळातील एखाद्या मंगळवारी सकाळच्या मिस्सेला पाचसात वृद्ध असतात. उपासना वर्षाचा सर्वांत मोठा भाग हा सामान्य काळच आहे, आणि श्रद्धा मुरते ती त्याच हिरव्या रंगाच्या दिवसांत. विज्ञानाचेही असेच आहे. शेतीचे, संसाराचे आणि शिक्षणाचेही तेच आहे. उत्सवांची आवश्यकता आहेच. उत्सवावाचून माणसे एकत्र येत नाहीत. परंतु उत्सव हाच विषय समजला, की विषय पोरका होतो.

म्हणून 'अपोलो १३' पाहू नये असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. उलट घरातील मुलांसह तो अवश्य पाहावा. यान समुद्रात उतरते तेव्हा डोळे भरून आले, तर खुशाल येऊ द्यावेत. फक्त चित्रपट संपल्यावर मुलांना एक प्रश्न विचारावा : स्फोट झाला नसता, तर हा चित्रपट निघाला असता काय? मुले चटकन 'नाही' म्हणतील. मग त्यांना 'जेमिनी ७'च्या चौदा दिवसांविषयी आणि 'मंगळयाना'च्या आठ वर्षांविषयी सांगावे. त्या हकिकती ऐकताना एखादे मूल जांभई देईल, एखादे पुढचा प्रश्न विचारील. त्या दुसऱ्या मुलाच्या प्रश्नाला सावकाश, नीट उत्तर द्यावे. आणि उत्तर ठाऊक नसेल तर दोघांनी मिळून ते शोधावे.